हलतं तेवढंच दिसतं

"हनुवटी टेकवा. कपाळ पट्टीला लावा. आत हिरवी फुली दिसतेय ना, तिच्याकडेच बघत राहा. पापणी मिटायची नाही हं... मिटलीत!"

गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आत्याची शुगर बावीस वर्षांची. यंत्रावर बसलेली मुलगी तिला हे तिसऱ्यांदा सांगत होती. अखेर फोटो निघाला आणि मी खुर्चीतून मान लांब करून यंत्राच्या स्क्रीनवर पाहिलं. काळ्या जमिनीवर पांढऱ्या नसांचं बारीक जाळं, आणि मध्याच्या डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढा कोरा काळा डाग. या विषयावर वाचत असल्यामुळे मला अर्धवट ज्ञान होतंच. नसा बंद पडल्या, असं मनात येऊन पोटात गोळा आला. मुलीनं आत्याच्या डोळ्यात ओलाव्याचा एक थेंब टाकला, चार वेळा पापण्या मिटायला लावल्या आणि पुन्हा फोटो काढला. डाग गायब! "डोळा कोरडा आहे ना, आणि मोतीबिंदूही आहे थोडा. सावली पडते," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

या यंत्राचं नाव ओसीटी अँजिओग्राफी, दवाखान्यातल्या बोलीत 'ओसीटीए'. सुई नाही, रंग नाही, तीन सेकंदांत पडद्यावरच्या केसाहून बारीक वाहिन्यांचा नकाशा हातात. गेल्या दहा वर्षांत या नकाशांवर हजारो शोधनिबंध निघाले. मधुमेह, काचबिंदू, रक्तदाब, अल्झायमर, हृदयविकार, सगळ्यांची चाहूल डोळ्यात लागते, असं सांगणारे. त्यातलं किती पक्कं आणि किती अजून सावलीच्या जातीचं, हे बघण्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागते.

चिरफाड न करता जिवंत रक्तवाहिन्या बघता येतील अशा जागा शरीरात मोजक्याच. नखाच्या मुळाशी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, आणि सगळ्यात स्वच्छ डोळ्याच्या पडद्यावर. पण पडद्यापर्यंत नजर पोहोचवणं सोपं नव्हतं. बाहुलीतून आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेनं परततो आणि बघायला वाकलेल्याचं डोकं नेमकं त्याच वाटेत येतं. १८५० मध्ये क्योनिग्सबर्गच्या एकोणतीस वर्षांच्या हेल्महोल्ट्झनं काचेच्या पट्ट्या तिरक्या धरून प्रकाश आत पाठवायची आणि त्याच काचांतून आरपार बघायची युक्ती काढली. फोटो निघायला आणखी पस्तीसेक वर्षं लागली. १८८६ मध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो छापला, त्यासाठी डोळा अडीच मिनिटं स्थिर धरावा लागला होता. आत्याला तीन सेकंद जमत नव्हते, त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल!

डोळ्यात बघून शरीराचं भविष्य सांगण्याचा पहिला भक्कम प्रयत्न १९३९ चा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी रक्तदाबाच्या २१९ रुग्णांचे चार गट केले. पडद्यावरच्या धमन्या किंचित आक्रसलेल्या असलेल्यांचा पहिला. रक्तस्राव, कापसासारखे डाग आणि शिवाय नेत्रमज्जेच्या तोंडाशी सूज असलेल्यांचा चौथा. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ७० टक्के लोक हयात होते, चौथ्यातले ६ टक्के. भाकीत इतकं अचूक आणि डॉक्टरच्या हातात देण्यासारखं मात्र काही नाही, कारण रक्तदाबावर धड औषधच तेव्हा नव्हतं. या क्षेत्राच्या कथेत हे पुन्हा पुन्हा घडतं. आधी दिसतं, करता येण्याजोगं काही नंतर सापडतं, आणि मधल्या काळात दिसण्यालाच यश मानायचा मोह होतो.

रंगाची गोष्ट १९५९ ची, इंडियानातली. नोवॉट्नी आणि अल्विस हे दोघे वैद्यकीचे विद्यार्थी. पडद्यावरच्या रक्तात प्राणवायू किती, हे फोटोवरून मोजायचं काम जिथे चाललं होतं, त्या डॉ. हिकम यांच्या प्रयोगशाळेत दोघे खपत होते. फ्लोरेसिन नावाचा रंग शिरेत टोचला आणि डोळ्यावर निळा प्रकाश टाकला, तर रक्त हिरवट-पिवळं उजळतं. मग भराभर फोटो काढायचे, की रक्त कुठून येतं, कुठे अडतं, कुठे गळतं ते सगळं चित्रमालिकेसारखं दिसतं. माणसावरचा पहिला प्रयोग खुद्द अल्विसच्या डोळ्यावर झाला. अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांनी निबंध परत पाठवला, म्हणून तो १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या रक्ताभिसरणाला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला. पुढची पन्नास वर्षं पडद्याच्या डॉक्टरांचं पान या तपासणीवाचून हललं नाही.

आपल्याकडे तिला 'एफएफए' किंवा नुसतं 'अँजिओ' म्हणतात. रुग्णाच्या बाजूनं ती त्रासाचीच. हाताला सुई, मळमळ, दिवसभर पिवळी पडलेली कातडी आणि केशरी लघवी. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. क्वचित कुणाला जबरदस्त रिअॅक्शन येते. १९८६ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत सुमारे २ लाख २२ हजार तपासण्यांमागे एक मृत्यू, असा हिशेब निघाला होता. धोका नगण्य, पण दर तीन महिन्यांनी तपासायच्या माणसाला दर वेळी सुई टोचणं कुणालाच नको असतं. सुईविना नसा दिसाव्यात, ही ओढ इथली.

ओसीटीएकडे वळण्याआधी एका बैठकीचा उल्लेख केलाच पाहिजे. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली ती सर्वांत मोलाची घटना आहे, आणि तिच्यात एकही नवं यंत्र नव्हतं. १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या एअरली हाउस इथे मधुमेहानं बिघडणाऱ्या पडद्यावर काम करणारे तज्ज्ञ जमले. अडचण साधी होती. एकाच्या लेखी 'मध्यम' असलेला आजार दुसऱ्याच्या लेखी 'गंभीर'. त्यांनी नमुन्याचे फोटो ठरवले. या फोटोतल्याहून जास्त रक्तस्राव असेल तर इतके गुण, कमी असेल तर इतके. कंटाळवाणं, कारकुनी काम. पण त्यावरच डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी उभी राहिली. सतराशेंहून जास्त रुग्ण घेतले, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर दिला आणि दुसरा तसाच ठेवला. कोणत्या डोळ्याला लेसर, ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. १९७६ पर्यंत लेसर दिलेल्या डोळ्यांत दृष्टी गमावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. फरक इतका ढळढळीत होता, की न दिलेल्या डोळ्यांनाही लेसर द्यायची मुभा चाचणी चालू असतानाच द्यावी लागली.

त्यापाठोपाठ आली ईटीडीआरएस ही चाचणी, ३,७११ रुग्णांची. तिच्यात प्रत्येक डोळ्याचे ठरलेल्या सात जागांचे फोटो काढायचे, तेही जोडीजोडीनं, म्हणजे खोली कळावी. फिल्म विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वाचन केंद्रात जायची. तिथे फोटो वाचणारे बहुतेक जण डॉक्टर नव्हते, याच कामासाठी तयार केलेले लोक होते. फोटो कुणाचा, उपचार कोणता, काही ठाऊक नसताना ते दिवसभर ठिपके मोजत. त्या मोजणीतून १० ते ८५ अशी आजाराच्या पायऱ्यांची पट्टी तयार झाली. आजही मधुमेही पडद्यावरच्या नव्या औषधाची चाचणी या पट्टीवर दोन पायऱ्यांचा फरक शोधते. फोटो जुनाट, पट्टी ओबडधोबड. पण पायरी चढली तर पुढे काय वाढून ठेवलंय, हे हजारो माणसांच्या डोळ्यांवरून पक्कं कळलेलं.

आता ओसीटीए. तिची आई म्हणजे ओसीटी. १९९१ मध्ये एमआयटीतल्या फुजिमोटोंच्या गटानं, हुआंग आणि स्वॉनसन यांच्यासह, 'सायन्स'मध्ये ती मांडली. पहिले नमुने मृत माणसाचा पडदा आणि हृदयाची धमनी, म्हणजे डोळा आणि काळीज पहिल्या निबंधातच शेजारी होते. तत्त्व सोनोग्राफीचंच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. प्रकाशाचा प्रतिध्वनी घड्याळानं मोजता येण्याच्या पलीकडे वेगवान, म्हणून परतलेला किरण दुसऱ्या ओळखीच्या किरणाशी ताडून खोली काढतात. पडद्याचा उभा छेद काही मायक्रॉनच्या बारकाव्यानं दिसतो. डोळ्यांच्या दवाखान्यांचं कामच या शोधानं बदललं. तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

नसा दिसण्यासाठी लागली एक साधी कल्पना. पडद्यातलं सगळं स्थिर, हलतात फक्त रक्तपेशी. एकाच रेषेचा छेद काही मिलिसेकंदांच्या अंतरानं दोनदा घ्या. दोन्हींत सारखं आलं ते मांस, बदललं ते रक्त. बदललेले ठिपके पांढरे करा, बाकीचं काळं, की वाहिन्यांचा नकाशा तयार. २०१२ मध्ये पोर्टलंडच्या याली जिया आणि हुआंग यांच्या गटानं हा बदल गोंगाटातून वेगळा काढायची चांगली पद्धत दिली आणि पुढच्या तीनचार वर्षांत यंत्रं बाजारात आली.

हिशेब जवळून बघण्यासारखा आहे. सुरुवातीच्या एका प्रचलित यंत्रात ३ मिलिमीटरच्या चौकोनात ३०४ रेषा, प्रत्येक रेषेवर ३०४ बिंदू, आणि सगळं दोनदा. म्हणजे पावणेदोन लाखांहून जास्त मापं, सेकंदाला ७० हजार या वेगानं, साधारण तीन सेकंदांत. दोन बिंदूंमधलं अंतर १० मायक्रॉन. केशवाहिनीची जाडीही ५ ते १० मायक्रॉनच. म्हणजे जाळ्याचा एकेक धागा जेमतेम एका बिंदूच्या रुंदीचा असतो. पेशंट जरासा हलला, पापणी मिटली, डोळा कोरडा पडला, की धागे तुटतात नाही तर दुहेरी होतात.

आणि पद्धतीच्या पोटातच एक अट दडलेली आहे. यंत्राला वाहिनी दिसतच नाही, दिसते ती हालचाल. रक्त फार सावकाश सरकत असेल, तर दोन छेदांत फरक पडत नाही आणि चालू वाहिनी काळी दिसते. मधुमेहात नसांना येणारे बारीक फुगे, ज्यांत रक्त घुटमळतं, ते एफएफएमध्ये ठळक दिसतात आणि ओसीटीएमध्ये अनेकदा निसटतात. गळती तर मुळीच दिसत नाही, कारण गळून साचलेलं पाणी हलत नाही. वर एक भुताटकीही आहे. वरच्या थरातल्या नसांमधून जाणारा प्रकाश लुकलुकतो, खालच्या थरावर त्याची लुकलुकती सावली पडते, आणि यंत्र ती सावलीही वाहिनी म्हणून रंगवतं. सॉफ्टवेअर हे पुसायला बघतं. पुसताना कधी खरी नसही पुसली जाते.

एवढं असूनही मिळकत मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. फ्लोरेसिनमध्ये मुख्यतः वरचं जाळं दिसायचं, खोलवरचं धूसर. ओसीटीएनं थर वेगळे करून दाखवले. मधुमेही माणसाच्या पडद्यावर साध्या फोटोत एकही ठिपका नसतानाही नकाशात मध्यभागाची वाहिनीविरहित जागा मोठी झालेली किंवा जाळं विरळ झालेलं, असं २०१५ पासून अनेक गटांना सापडलं. पडद्याच्या बरोबर मध्यावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण, तिथे एक छोटं रिकामं अंगण असतं; त्याच्या भिंती मधुमेहात ढासळतात, अशी कल्पना करा.

पण ते अंगण निरोगी माणसांतही सारखं नसतं. सरासरी पाव चौरस मिलिमीटरच्या आसपास, पण दोन धडधाकट माणसांत कित्येक पटींचा फरक निघतो. वर चष्म्याचा नंबर मध्ये येतो. मायनस नंबरवाल्याचा डोळा लांबट, त्यामुळे यंत्र ज्याला ३ मिलिमीटर समजतं ते प्रत्यक्षात जास्त असतं. लांबी मोजून दुरुस्ती केली नाही तर अंगणाचं क्षेत्रफळ चुकतं, आणि बऱ्याच अभ्यासांत ती दुरुस्ती केलेली नसते. फोटोची प्रत घसरली की वाहिन्यांची 'घनता' आपोआप कमी भरते. ज्यांना मधुमेह जुना, त्यांनाच मोतीबिंदू जास्त, त्यांचाच डोळा कोरडा, त्यांनाच नजर एका जागी धरणं कठीण. म्हणजे आजाराचा परिणाम आणि खराब फोटोचा परिणाम एकाच दिशेला ओढतात. आत्याचा काळा डाग थेंबानं गेला. शंभर माणसांच्या सरासरीत मिसळलेल्या सावल्यांना थेंब कोण घालणार? एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही, हे आणखी वेगळं. एअरली हाउसमध्ये जे झालं, ते इथे अजून नीट झालेलं नाही.

अल्झायमरच्या संशोधनात हे चटकन दिसतं. पडदा मेंदूचाच फुटवा, त्यामुळे मेंदूतला बिघाड इथे दिसावा ही अपेक्षा रास्त आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं ३० जण तपासले. स्मृती शाबूत, पण चाचण्यांमध्ये आजाराच्या खुणा असलेल्यांच्या डोळ्यांतलं रिकामं अंगण मोठं निघालं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. थोड्याच काळात अॅमस्टरडॅममधल्या गटानं याहून मोठ्या समूहावर, जुळ्या भावंडांवर, हेच तपासलं. तिथे अंगणात फरक नाही आणि मेंदूत अमायलॉइड हे आजाराचं प्रथिन साचलेल्यांच्या वाहिन्यांची घनता उलट जास्त. कदाचित आजाराच्या पहिल्या टप्प्यात रक्तपुरवठा वाढत असेल, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. असेलही. पण वाढलं तरी आजार आणि घटलं तरी आजार, असं म्हटल्यावर तो आकडा घेऊन डॉक्टरनं पेशंटला सांगायचं काय?

काचबिंदूत ओसीटीएचा एक नेमका उपयोग दिसतो. आजार फार पुढे गेला की मज्जातंतूंच्या थराची जाडी एका मर्यादेखाली मोजता येत नाही, ती तळाला टेकते. वाहिन्यांची घनता त्यापुढेही घटत राहते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णावर लक्ष ठेवायला ती कामी येऊ शकते.

ओसीटीएनं निर्णय खरोखर बदलला असं ठिकाण विचाराल, तर मी म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, झिजेकडे बोट दाखवीन. या आजाराच्या 'कोरड्या' प्रकारात कधीतरी पडद्याखाली नव्या, कच्च्या नसा उगवतात, गळतात आणि नजर जाते. गळू लागल्यावर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. एफएफएला गळती दिसते, म्हणजे घर गळायला लागल्यावर पत्ता लागतो. ओसीटीएला न गळणाऱ्या, मूक नसाही दिसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६० रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या डोळ्यांत अशा मूक नसा सापडल्या. वर्षभरात त्यांतल्या २१ टक्क्यांत गळती सुरू झाली. मूक नसा नसलेल्यांत हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं. बरं, मग लगेच इंजेक्शन द्यायचं का? पाचांतल्या चौघांत वर्षभर काहीच झालेलं नव्हतं. म्हणून प्रघात पडला तो असा, की टोचायचं नाही, पण पेशंटला लवकर लवकर बोलवायचं. फोटोनं औषध नाही बदललं, तारीख बदलली.

नव्या फोटोचा पहिला निष्कर्ष किती टिकतो, याचं आणखी एक उदाहरण इथेच सांगून टाकतो. पडद्याचा सुमारे ८० टक्के भाग एका फटक्यात टिपणारे रुंद कॅमेरे आले. २०१५ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या शंभर रुग्णांच्या अभ्यासात असं निघालं, की मधुमेहाच्या खुणा मध्यापेक्षा कडेला जास्त असतील तर आजार कितीतरी वेगानं बळावतो. सगळ्यांना पटलं. मग अमेरिकेतल्या डीआरसीआर या संशोधन-जाळ्यानं पाचशेहून जास्त डोळे चार वर्षं पाहिले. साध्या रंगीत फोटोतल्या कडेच्या खुणांचा आजार बळावण्याशी संबंध लागला नाही. लागला तो फ्लोरेसिनच्या फोटोतल्या कडेच्या खुणांचा. म्हणजे सुई टाळायला निघालो होतो, आणि या प्रश्नापुरतं उत्तर सुईच्याच टोकावर निघालं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर, असं आयसीएमआरच्या पाहणीनं २०२३ मध्ये सांगितलं. चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांचा पडदा बिघडलेला आणि ४ टक्क्यांच्या नजरेलाच धोका, हे २०२२ च्या 'स्मार्ट इंडिया' अभ्यासाचं अनुमान. एवढ्यांचे फोटो बघायला पडद्याचे डॉक्टर आणायचे कुठून? २०१६ मध्ये गूगलच्या गटानं १ लाख २८ हजार फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम तज्ज्ञांच्या तोडीनं फोटो वाचतो, हे दाखवलं. त्यातले बरेच फोटो मदुराई, चेन्नई आणि बंगळूरच्या नेत्ररुग्णालयांतून गेले होते. २०१८ मध्ये अमेरिकेत आयडीएक्स-डीआर या प्रणालीला डॉक्टरविना निदान करायची परवानगी मिळाली. दहा साध्या दवाखान्यांतल्या ९०० जणांवर तिची आधी चाचणी झाली होती.

मग गूगलची प्रणाली रोजच्या दवाखान्यात उतरली. २०२० मध्ये गूगलच्याच संशोधकांनी थायलंडमधल्या ११ दवाखान्यांतला अनुभव प्रामाणिकपणे छापला. नर्सेसनी काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्रानं 'प्रत बरी नाही' म्हणून नाकारले. कारणं घरगुती. खोलीत पुरेसा अंधार नाही, बाहुली लहान, वेळ कमी. फोटो नाकारला की पेशंटला मोठ्या रुग्णालयात जायला सांगायचं. तो फोटो आपण डोळ्यांनी वाचू शकलो असतो, असं वाटून नर्सेस वैतागत. इंटरनेट मंद, म्हणून रांग अडायची. माझ्या वाचनात आलेल्या डझनभर विजयी निबंधांपेक्षा या निबंधानं मला जास्त शिकवलं.

मुंबईतला एक प्रयोग याच अडचणी टाळून बेतलेला होता. महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेविकेच्या हातात फोनला जोडलेला कॅमेरा, आणि प्रोग्रॅम फोनमध्येच, इंटरनेट लागतच नाही. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पुढे पाठवण्याजोगा आजार असलेले सगळे पकडले, शंभर टक्के! बातमी तेवढीच झाली. निबंध उघडला की दिसतं, हिशेबातले रुग्ण २१३ आणि त्यांत असा आजार असलेले जेमतेम १५. पंधरापैकी पंधरा, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबानं खरी क्षमता ७८ पासून १०० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. लेखकांनी ते छापलंही आहे. वाचणारे तिथपर्यंत जात नाहीत. दुसरा आकडा ८८.४ टक्क्यांचा. पाठवायची गरज नव्हती अशा शंभरांतल्या बाराएक जणांना उगाच पुढे पाठवलं गेलं. धारावीतून परळला जाणाऱ्याचा तो एक खाडा असतो. तरीही मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात फोटोनंतरचा रस्ता आधीच आखलेला आहे. खूण दिसली तर कुठे पाठवायचं ते ठरलेलं, आणि तिथे काय करायचं ते १९७६ पासून माहीत आहे.

हृदयाच्या बाबतीत तो रस्ता अर्धाच बांधलेला आहे. २००१ आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एआरआयसी अभ्यासातल्या हजारो लोकांच्या फोटोंवरून दिसलं, की पडद्यावरच्या वाहिन्यांतले बिघाड पुढच्या पक्षाघाताशी निगडित असतात, आणि अरुंद धमन्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराशी. पुरुषांमध्ये मात्र हृदयविकाराशी तसा संबंध लागला नाही. २०१८ मध्ये गूगलच्या गटानं २ लाख ८४ हजार लोकांच्या फोटोंवर प्रोग्रॅम शिकवला. नुसत्या पडद्याच्या फोटोवरून त्यानं वय सव्वातीन वर्षांच्या सरासरी चुकीनं सांगितलं, आणि स्त्री की पुरुष हे जवळजवळ बिनचूक, जे जगातला कुठलाही नेत्रतज्ज्ञ डोळ्यात बघून सांगू शकत नाही. थक्क व्हायला होतं. पण वय आधार कार्डावरही असतं. पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका येईल का, या प्रश्नावर त्या फोटोची ताकद १ पैकी ०.७० भरली, रक्तदाब, विडीकाडी विचारून काढायच्या जुन्या युरोपीय कोष्टकाची ०.७२. म्हणजे फोटोनं कोष्टकाची जवळजवळ बरोबरी साधली. जिथे अशा तपासण्यांची सोय नाही तिथे हे मोठंच काम आहे. पण जिथे सोय आहे तिथे फोटोनं कोष्टकात भर काय घातली, हे वेगळं दाखवावं लागतं. आणि खरी कसोटी त्याच्याही पुढची. फोटो बघून औषध सुरू केलेल्यांचे आणि न बघता सुरू केलेल्यांचे दोन गट करायचे, आणि पाचसात वर्षांनी कुणाला किती झटके आले ते मोजायचे. एका डोळ्याला लेसर, दुसऱ्याला नाही, तसंच. ते महाग, सावकाश काम आहे आणि त्यातून वर्षाला चार निबंध निघत नाहीत.

लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयाचा गट २०२३ मध्ये सोळा लाख फोटोंवर शिकवलेली 'रेटफाउंड' ही प्रणाली घेऊन आला आणि ती सगळ्यांना खुली केली, ही त्यातली चांगली गोष्ट. असं गणित बसवायला अनेकदा वापरतात त्या ब्रिटनच्या बायोबँकेत अडुसष्ट हजारांच्या आसपास लोकांच्या डोळ्यांचे फोटो साठवलेले आहेत. मात्र ते लोक बहुतांशी गोरे आणि ब्रिटनच्या सरासरीपेक्षा सुदृढ. त्यांच्या डोळ्यांवरून बसवलेलं गणित लातूरच्या किंवा डिचोलीच्या माणसाला लागू करण्याआधी इथल्या डोळ्यांवर पडताळावं लागेल, आणि तेही एकाच दिवसाच्या फोटोवर नव्हे, त्याच माणसाला पाच वर्षांनी पुन्हा शोधून काढून.

आत्याची फाइल माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी आधी रंगीत फोटो पाहिला, मग ओसीटीवरची मध्यभागाची जाडी, मग एचबीएवनसीचा, म्हणजे सरासरी साखरेचा, आकडा. तो साडेनऊ होता, त्यावर आत्याला बोलणी बसली. ओसीटीएचा तो सुंदर काळा-पांढरा नकाशा त्यांनी हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून बघितला, "हा ठेवून देऊ, पुढच्या वर्षीच्याशी ताडून बघायला होईल," म्हणाले आणि फाइलच्या मागच्या कप्प्यात सरकवला. पहिला, डागवाला फोटो मुलीनं छापलाच नव्हता. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची.